उमरखेड ते यवतमाळ, गालात तार

वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी दातांना तारा बसवून घेतल्या, तेव्हा आमच्या आगारात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी एस.टी.त कंडक्टर आहे. दिवसातून दोनशे माणसांशी बोलायचं, गावांची नावं ओरडून सांगायची, सुट्ट्या पैशांवरून वाद घालायचे, आणि हे सगळं आता तोंडात लोखंड घेऊन. एक जुना ड्रायव्हर मला म्हणाला होता, "म्याडम, आता कायले ह्या ताराय? लगन तं झालं तुमचं."

माझे वरचे पुढचे दात लहानपणापासून बाहेर होते. ओठ मिटायचे तर लक्ष ठेवून मिटावे लागत. लक्ष गेलं की तोंड उघडं. तांड्यावर कुणाला त्याचं काही वाटत नसे, पण तालुक्याच्या शाळेत गेले आणि फोटोच्या वेळी ओढणी तोंडावर धरायची सवय लागली. लग्नानंतर ती सवयही मोडली, कारण कुणी बघत नव्हतं. मग खालचे दात टाळूला टोचायला लागले, हिरड्या सुजायला लागल्या, आणि उमरखेडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तारा लावल्या नाहीत तर चाळिशीत पुढचे दात हलतील. हे कारण मी सगळ्यांना सांगत फिरले. दुसरंही एक कारण होतं, ते कुणाला सांगितलं नाही. मला काही विचार न करता तोंड मिटून बसता यायला हवं होतं, एवढंच.

तारांचे डॉक्टर वेगळे होते. ते नांदेडहून महिन्यातून दोन मंगळवारी बाईंच्या दवाखान्यात यायचे. शांत माणूस. तारा बसवल्या त्या दिवशी त्यांनी मला एक छापील कागद दिला आणि मेणाची एक छोटी डबी. कागदावर होतं तेच तोंडीही सांगितलं. शेंगदाणे, ऊस, चिक्की, बोरं, हाडं, काही कडक चावायचं नाही. दातावर चिकटवलेलं बटण निघालं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी फोन करायचा. तारेचं टोक टोचलं तर ती जागा कोरडी करून मेण लावायचं. मी मान हलवत होते. जबडा इतका ठणकत होता की मी पुढे कधी काही चावेन यावरच माझा विश्वास नव्हता.

सहा महिने नीट गेले. मेणाची डबी पहिल्या तीन महिन्यांतच संपली. टोचणं थांबलं होतं, म्हणून नवी आणली नाही.

जानेवारीत याडी आली. आमच्यात आईला याडी म्हणतात. संक्रांतीनंतर हळदीकुंकवासाठी ती दोन दिवस माझ्याकडे राहायची, आणि येताना बांधावरच्या बोरीची बोरं आणायची. लाल, सुरकुतलेली, आंबटगोड. लहानपणी मी त्या बोरीखाली दिवस काढलेत. तारा बसवल्यापासून याडीला वाटत होतं की मला काहीतरी आजार झालाय आणि मी तो तिच्यापासून लपवतेय. मी भाकरी दुधात कुस्करून खाते हे बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं माझ्यासमोर बोरांची पिशवी उलटी केली आणि आमच्या भाषेत म्हणाली, "एक खाऊन तर बघ. बोरानं कुणाचं काय झालंय?"

मी खाल्लं. दोन नीट खाल्ली, गर ओरबाडून, आठोळी बाजूला काढून. तिसऱ्या वेळी आम्ही दोघी कशावरून तरी हसत होतो आणि मी सवयीनं दाढेखाली आठोळी धरली. कट् असा आवाज झाला. तो आवाज मला डोक्याच्या आत ऐकू आला.

जिभेनं चाचपलं. खालच्या उजव्या बाजूला दाढेच्या अलीकडच्या दातावरचं बटण सुटलं होतं आणि तारेवर इकडून तिकडे सरकत होतं. दुखत नव्हतं. याडीला काही बोलले नाही, तिला वाईट वाटलं असतं. डॉक्टरांचा मंगळवार नऊ दिवसांवर होता. दुखत नाही तर कशाला फोन करायचा, असं मी स्वतःला सांगितलं. बोर खाल्लं हे कबूल करायची लाजही होतीच. छापील कागद कपाटात होता. तो मी उघडलासुद्धा नाही.

पाचव्या दिवशी गुरुवार होता. पहाटे दात घासताना उजव्या गालाला आतून टाचणी टोचल्यासारखं झालं. मधलं बटण सुटल्यामुळे तार सैल होऊन मागे सरकली होती आणि शेवटच्या दाढेच्या नळीतून तिचं टोक बाहेर आलं होतं. मी कापसाच्या काडीनं ते हळूच आत दाबलं. गेलं आत. याडी परत गेली होती, नवरा झोपला होता, मुलगी झोपली होती. मी पोहे खाल्ले, तेही डाव्या बाजूनं, आणि ड्युटीवर गेले.

त्या दिवशी उमरखेड–यवतमाळ गाडी होती. महागाव, आर्णी, यवतमाळ आणि परत. ड्रायव्हर आमचे मामा. खरे मामा नाहीत, पण निवृत्तीला आलेल्या त्या माणसाला सगळं आगार मामाच म्हणतं. गाडी भरून निघाली. महागावच्या अलीकडे एक गाव आलं. मी मागच्या दाराकडून पूर्ण तोंड उघडून त्या गावाचं नाव ओरडले, आणि त्याच क्षणी गाडी स्पीडब्रेकरवरून गेली. जबडा खाडकन मिटला. डोळ्यांपुढे पांढरं झालं.

तोंडात रक्ताची चव आली. तोंड उघडायला गेले तर उघडेना. म्हणजे उघडत होतं, बोटभर, पण त्यापुढे गाल आतून ओढला जायचा आणि कळ थेट कानात जायची. तारेचं टोक गालात शिरलं होतं आणि नुसतं शिरलं नव्हतं, ते वाकून अडकलं होतं. गळ लागतो तसं.

मी सीटचा दांडा धरून उभी राहिले. समोरचा माणूस विचारत होता, "म्याडम, तिकीट द्या ना. आर्णी दोन." मी मशीनवर बोटं चालवली, तिकीट फाडलं, दिलं. पुढची बाई. मी भुवया उंचावून विचारलं, कुठं? तिनं सांगितलं. असं पाच-सहा तिकिटांपर्यंत चाललं. मग एक जण चिडला.

"बोलून काहून नाही राह्यल्या तुमी? का आमाले बोलायचं बी पैसे लागतेत?"

मी गालावर हात ठेवून दाखवला. लगेच सगळ्यांना दातदुखी आठवली. एकीनं लवंग सांगितली. एकीनं मिठाची पुरचुंडी सांगितली. एका म्हाताऱ्यानं पुढे होऊन खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी उघडली, "जरासा दाबा गालात, बधिर होते." मी मान हलवून नको म्हटलं. सगळी चांगली माणसं होती. त्यातल्या एकालाही मी सांगू शकत नव्हते की हे दुखणं नाही, मी अडकले आहे.

महागावच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा मी खाली उतरून मामांच्या खिडकीपाशी गेले आणि मोबाईलवर लिहून दाखवलं : तार गालात घुसली. तोंड उघडत नाही. मामांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. मग खाली उतरले, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि सीटखालच्या पेटीतून पक्कड काढली. गाडीची पक्कड, काळी, ग्रीसनं माखलेली.

"धुऊन घेतो," ते म्हणाले. "एका झटक्यात कापतो."

मी दोन पावलं मागे सरले. त्यांना वाईट वाटलं. पक्कड त्यांनी परत ठेवली. "मंग काय करू सांगा," ते म्हणाले, आणि मी सांगू शकत नव्हते.

मी नांदेडच्या डॉक्टरांचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. मामा फोनवर नेहमी ओरडून बोलतात. अख्ख्या स्टँडला कळलं. "साहेब, आमच्या म्याडमच्या गालात तार घुसली. हो, तुमचीच तार. नाही, त्या बोलून नाही राह्यल्या. तोंडच उघडत नाही त्याहिचं." पलीकडून डॉक्टर जे सांगत होते ते मामा मला मोठ्यानं सांगत होते. मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भरा. आरशात बघून गाल बोटानं बाहेर ओढा, टोक सुटतं का बघा. सुटलं तर मेण लावा. मेण नसेल आणि दवाखाना जवळ नसेल, तर अगदी शेवटचा उपाय म्हणून नेलकटर स्वच्छ करून टोक कापा, पण मागे कापूस धरा, तुकडा घशात जाता कामा नये. फोटो पाठवा.

मी फोटो काढायचा प्रयत्न केला. तोंड बोटभर उघडं. फोटोत ओठ, काळोख आणि एक चमकणारा ठिपका. डॉक्टरांचा उलट मेसेज आला : नीट दिसत नाही. जवळच्या डेंटिस्टकडे जा.

गाडी न सोडता गाठता येईल असा डेंटिस्ट म्हणजे यवतमाळ. गाडी तिकडेच चालली होती. मामांनी किल्ल्यांच्या जुडग्यातलं नेलकटर सोडवून माझ्या हातात दिलं, मी त्याला सॅनिटायझर चोळलं, प्रथमोपचार पेटीतून कापूस घेतला.

तेवढ्यात एक म्हातारे बाबा गाडीत चढले. पांढरा सदरा, धोतर, हातात काठी, एका डोळ्यावर पांढरं फूल पडलेलं. दुसऱ्याही डोळ्यानं फार दिसत नसावं, कारण त्यांनी हातानं चाचपत सीट शोधली. मी मशीन घेऊन जवळ गेले. त्यांनी आर्णीच्या अलीकडच्या एका फाट्याचं नाव सांगितलं. गाव कुठलं ते इथं लिहीत नाही.

"माय," ते मला म्हणाले, "बहिणीच्या मातीले चाललो. अकरा वाजता उचलतीन. मले बरोबर दिसत नाही, फाटा आला का आवाज देजो."

मी तिकीट दिलं आणि मान हलवली. मान हलवलेली त्यांना दिसली की नाही ते माहीत नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे कळलं असं समजून.

गाडी निघाली. तिकिटं संपली आणि मी सगळ्यात मागच्या सीटवर कोपऱ्यात बसले. मोबाईलचा पुढचा कॅमेरा चालू करून खिडकीला टेकवला, डाव्या हाताच्या बोटानं गाल बाहेर ओढला. काही सुटेना. कापूस आत सरकवला, तर कापसाचे धागे तारेच्या टोकात गुंतले आणि आता तेही ओढले जायला लागले. गाडी खड्ड्यातून गेली की सगळं एकदम हलायचं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे कॅमेऱ्यात काही दिसत नव्हतं. नेलकटरचं तोंड त्या शेवटच्या दाढेपर्यंत पोहोचतच नव्हतं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. शेजारच्या सीटवरच्या दोन बाया माझ्याकडे बघत होत्या आणि एक दुसरीला म्हणत होती, "नको पाहू, तुले उलटी होईन."

किती वेळ गेला मला माहीत नाही. पुढून कुणीतरी विचारलं, "बाबा, तुमाले कुठं उतरायचं?" आणि बाबांनी फाट्याचं नाव सांगितलं, आणि तो माणूस म्हणाला, "अरे, तो तं मांगं गेला!"

मी उठले आणि घंटीची दोरी ओढली. एक घंटी थांबायची, दोन निघायच्या. मी तीन-चार ओढल्या. मामांनी गाडी कडेला घेतली. बाहेर बघितलं. फाटा तीन किलोमीटर तरी मागे राहिला होता.

बाबा दारापाशी आले. मी त्यांच्यासमोर उभी होते. तोंडात कापूस, गाल फुगलेला, ओठाच्या कडेला लाळ आणि रक्त. मला म्हणायचं होतं, बाबा, चुकलं माझं. तोंडातून फक्त हं, हं असा आवाज आला. त्यांनी चेहरा माझ्याजवळ आणला, चांगल्या डोळ्यानं माझ्या फुगलेल्या गालाकडे बघितलं.

"तोंडात भरून बसता," ते म्हणाले. ओरडले नाहीत. "मंग सांगाले तोंड कुठून रिकामं राहीन."

त्यांना वाटलं मी खर्रा खाल्लाय.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि काठी टेकत खाली उतरले. मी मागोमाग उतरले आणि रस्त्याच्या मधे जाऊन उलट दिशेनं येणाऱ्या मोटारसायकलींना हात दाखवायला लागले. पहिला थांबला नाही. दुसरा थोडा थांबल्यासारखा झाला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि निघून गेला. मला त्याचा राग नाही. गालात कापूस, हनुवटीवर रक्त, खाकी ड्रेस आणि शब्द नाही, अशी बाई रस्त्यात हातवारे करताना दिसली तर मीही थांबले नसते. गाडीतून कुणीतरी ओरडलं, "चाला म्याडम, कचेरीत काम आहे आमचं." मामांनी हॉर्न दिला, रागानं नाही, पण दिला. हायवेवर एस.टी. वळवता येत नाही आणि मागे नेता येत नाही. मी गाडीत चढले. दोन घंट्या ओढल्या.

मागच्या काचेतून बाबा दिसत होते. रस्त्याच्या कडेनं, काठी पुढे टाकत, आम्ही आलो त्या दिशेनं. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

आर्णीपासून यवतमाळपर्यंत मी काय केलं ते मला फारसं आठवत नाही. माझ्या पुढच्या सीटवर एक बाई होती, नवबौद्ध वस्तीतली, यवतमाळला मुलीच्या बाळंतपणाला चाललेली. तिनं माझं काम स्वतःच अंगावर घेतलं. गाव आलं की तीच ओरडायची, "उतरा, उतरा, कोण उतरते इथं?" आणि माझ्याकडे बघायची, बरोबर का, म्हणून. मी मान हलवायची. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. उतरताना ती म्हणाली, "बाई, तुमच्या डोळ्यातलं पाणी तरी पुसा." मी तिला धन्यवादही देऊ शकले नाही.

यवतमाळला गाडी परत सुटायला पस्तीस मिनिटं होती. स्टँडसमोर एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना दिसला. धावत वर गेले. आत एक मदतनीस मुलगी फरशी पुसत होती. मी मोबाईलवर लिहून दाखवलं. तिनं वाचलं, कळवळली, म्हणाली, "ताई, डॉक्टर बारानंतर येतात. आणि मी हात नाही लावू शकत ना." खरंच होतं. तिनं मला मिठाचं कोमट पाणी करून दिलं. बोटभर फटीतून मी ते तोंडात घेतलं आणि बेसिनमध्ये सोडलं. कापसाचे धागे त्यात निघून गेले, तेवढं बरं झालं. तार तिथंच. खुर्चीच्या वरच्या दिव्याशेजारी एका ट्रेमध्ये लांब दांड्याच्या, बारीक तोंडाच्या कात्र्या मांडलेल्या मला दिसत होत्या. त्यातली एक कात्री आणि अर्ध्या मिनिटाचं काम. त्या माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या.

स्टँडवर परत येऊन तिथल्या कंट्रोलरना लिहून दाखवलं. भला माणूस, खुर्चीवरून उठून उभे राहिले. "बदली कंडक्टर बघतो, पण तासभर लागेल म्याडम." गाडीत माणसं बसलेली होती. माझं स्वतःचं चुकलं होतं, त्यात आणखी पन्नास जणांना तासभर कशाला. मी हातानंच नको म्हटलं. आज वाटतं, थांबायला हवं होतं. पण सकाळपासून मी इतकं काही होऊ दिलं होतं की आता काही ठरवायची ताकदच उरली नव्हती.

परतीच्या वाटेवर फाटा आला तेव्हा मी घंटी ओढली. तिथं कुणी उतरणारं नव्हतं. मामांनी आरशात माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता इंजिन चालू ठेवून थांबले. फाट्यावर एक चहाची टपरी होती. मी एका कागदावर लिहून आणलं होतं : सकाळी एक म्हातारे बाबा, डोळ्यानं अधू, इथून गावात गेले का? बहिणीच्या मातीला जाणार होते. पोहोचले का वेळेवर?

टपरीवाल्यानं कागद हातात घेतला, ओठ हलवत वाचला. "म्या तं आत्ताच दुकान उघडलं," तो म्हणाला. "मी बी मातीलेच गेलतो. लई गर्दी होती. कोण आलं, कोण नाही, कसं सांगू?"

मी कागदावर बोट ठेवलं, डोळ्याकडे बोट केलं, काठी टेकल्याचं करून दाखवलं.

"असे तं चार-पाच म्हातारे होते बाई," तो म्हणाला.

मी गाडीत परत आले.

उमरखेडला साडेतीन वाजले. पैशाची बॅग आणि मशीन जमा करून मी सरळ बाईंच्या दवाखान्यात गेले. बाईंना नांदेडहून फोन आलेला होता, त्या जेवण सोडून थांबल्या होत्या. त्यांनी दिवा ओढला, एक मलम लावून गाल बधिर केला, दोन बोटांनी गाल असा काही उचलला की टोक हलकेच सुटलं, आणि त्या लांब दांड्याच्या कात्रीनं टक् करून तार कापली. तुकडा कात्रीतच धरलेला राहिला. माझ्या हातावरचं घड्याळ दिसत होतं. एक मिनिटही झालं नाही.

बाईंनी तुकडा कापसावर ठेवून दाखवला. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. "एवढ्याशासाठी," त्या म्हणाल्या आणि मग त्यांनी माझा चेहरा बघितला. मी रडत होते. त्यांना वाटलं दुखतंय. "झालं, झालं," म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तोंड पूर्ण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. जबडा दुखत होता पण अडत कुठं नव्हता. बाई म्हणाल्या, "काही बोलून बघा." मी म्हटलं, "पाणी."

घरी नवऱ्याला मी तारेची गोष्ट सांगितली. मामांची पक्कड, स्टँडभर ऐकू गेलेला फोन, खर्र्याची पुडी. तो हसला, मग माझा गाल आतून बघून हसायचं थांबला. मुलीनं विचारलं, "आई, मग ओरडत कोण होतं गाडीत?" मी त्या बाळंतपणाला चाललेल्या बाईबद्दल सांगितलं. फाट्याबद्दल सांगितलं नाही. दोनदा सांगायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा मी दुसरंच काहीतरी बोलले. याडीचा फोन आला तेव्हा तिला तर बोराचंही सांगितलं नाही. तिनं पुढच्या आठवड्यात आणखी बोरं पाठवते म्हटलं. मी बरं म्हटलं.

मंगळवारी डॉक्टर आले. मी खुर्चीत मागे टेकून बसले होते. त्यांनी गालातली जखम बघितली, सुटलेलं बटण काढलं, दात घासून कोरडा केला आणि नवं बटण चिकटवायला घेतलं. तोंडात लाळ ओढणारी नळी होती, दोन्ही ओठ एका प्लास्टिकच्या चौकटीनं बाजूला धरलेले होते.

"काय खाल्लं होतं?" त्यांनी विचारलं. "ऊस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"शेंगदाणे? बोर?"

मी होय म्हटलं, मानेनंच.

"कधी?"

मी बोटं दाखवली. त्यांनी ती मोजली. निळा उजेड दातावर धरला. मग त्यांच्या नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "त्याच दिवशी फोन केला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. बाईंनी इथंच तार काढून ठेवली असती. तुम्ही लोक दुखल्याशिवाय सांगत नाही आणि दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. नुकसान तुमचंच होतं ना? इलाज आता दीड-दोन महिने लांबला. दुसऱ्या कुणाचं काय जातंय?"

मी छताकडे बघत होते. दुसऱ्या कुणाचं काय गेलं ते मला माहीत होतं, म्हणजे नीट माहीत नव्हतं, आणि तेच सांगायचं होतं. पण चौकट अजून ओठांत होती. त्यांनी नवी तार घातली, टोक कापून वाकवलं, बोट फिरवून बघितलं, मला बोट फिरवायला लावलं. मग चौकट काढली, नळी काढली आणि ग्लासकडे हात केला. मी चूळ भरून मान वर करेपर्यंत ते हातमोजे काढून टाकत होते, मेणाची नवी डबी माझ्या पर्सवर ठेवलेली होती, आणि दारातून दुसरी पेशंट आत आली होती.